उजवा हात

मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात झाली. वजन 1,150 ग्रॅम. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीचं मशीन पेटीपाशी आणून टाळूवरून मेंदू पाहिला. तिथं अजून हाड नसतं. आमच्याकडे टाळू म्हणजे तेल भरायची जागा, त्यामुळे सासूबाईंना ते बघवेना.

डॉक्टरांनी केसपेपरच्या मागं चित्र काढलं. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला फार नाजूक रक्तवाहिन्या असतात. पुढच्या काही आठवड्यांत त्या पोटातच विरून जातात. बाळ त्याआधी आलं आणि रक्तदाब वरखाली झाला की फुटतात, बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांतच. रक्तस्रावाच्या चार ग्रेड. हिची चौथी, उजव्या बाजूला.

"म्हणजे पुढं काय?" नवऱ्यानं विचारलं.

"डावा हात-पाय बघत राहू. बुद्धीचं आज कुणीच सांगू शकणार नाही."

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, आमच्याशी सरळ बोलणारे तेवढेच होते.

डोक्यात पाणी साठतंय का म्हणून टेपनं घेर मोजायचे. ते निभावलं, शंट घालावी लागली नाही. घरी आल्यावर वयाचाच घोळ. डॉक्टर बाळंतपणाच्या मूळ तारखेपासून महिने धरत, शेजारपाजारचे जन्मापासून. "अजून मान धरत नाही?" हे किती जणींकडून ऐकलं!

बसायला लागायच्या सुमाराला ती खुळखुळा कायम उजव्या हातानं घ्यायची. सासूबाई खूश. "बघ, शिकवावंसुद्धा लागलं नाही." डावरं मूल म्हणजे पंगतीत टोकाटोकी ठरलेली. फिजिओथेरपीच्या मॅडम मात्र हे ऐकून हसल्या नाहीत. त्यांनी खुळखुळा मुद्दाम डावीकडे धरला. पोरीनं उजवा हात छातीवरून ओलांडून नेला. डावी मूठ, अंगठा आत घालून, मिटलेलीच. वर्षाच्या आत मूल हात निवडत नाही, त्या म्हणाल्या. निवडलाच, तर दुसरा अडतोय का ते बघायचं.

मग चांगल्या हाताला मोजा बांधून डाव्याला कामाला लावणं सुरू झालं. ती किंचाळायची, सासूबाई हळूच मोजा सोडायच्या. पुढं त्यांनीच तिला पोळपाटाशी बसवलं. लाटण्याला दोन्ही हात लागतात, आणि तिथं ती रडायची नाही. कुठल्याही व्यायामापेक्षा डावी मूठ त्या कणकेनं जास्त उघडली, असं माझं मत आहे.

दोन वर्षांची होता होता ती पायात स्प्लिंट घालून चालली. बोलायला वेळेवर लागली, ती अजून थांबलेली नाही.

आता दुसरीत आहे. वाचन खणखणीत. बेरजेत हातचा विसरत नाही, पण आकडे एकाखाली एक येत नाहीत आणि उत्तर चुकतं. बाई म्हणतात, हलगर्जीपणा. मला तसं वाटत नाही. अशा मुलांच्या काही अडचणी शाळेत गेल्यावरच वर येतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. सध्या मोठ्या चौकटींची वही आणली आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत तिची तपासणी करून घ्यायची आहे.