जिन्याचा दिवा

घर कोणाचे, हे सांगायला फारसे डोके लागत नाही. दारावर पाटी असते, आणि पाटी नसली तरी आत कोणाची भांडी वाजतात यावरून शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळतेच. पण जिना कोणाचा? गच्ची कोणाची? पाण्याच्या टाकीचे झाकण वाऱ्याने उडाले तर ते शोधायला कोणी जायचे? स्वतंत्र बंगल्यात राहणाऱ्यांना हे प्रश्न पडत नाहीत. ते पडतात आमच्यासारख्यांना, म्हणजे सरकारने बांधलेल्या वसाहतीत, एका जिन्याला बारा बिऱ्हाडे अशा हिशेबाने राहणाऱ्यांना.

मी 1974 साली लग्न होऊन या वसाहतीत आले. आमचे शहर लहान. त्या काळी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळे लावणारे. केंद्र सरकारने 1952 साली कारखान्यांतील कामगारांसाठी स्वस्त भाड्याच्या घरांची योजना काढली होती. खर्चाची निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी कर्ज, असे तिचे गणित. तिच्यातून गावोगाव ज्या वसाहती उठल्या त्यांतलीच आमची एक. एक खोली, स्वयंपाकघर, मोरी, आणि मागच्या बाजूला, कागदोपत्री जिला 'बाल्कनी' म्हणत आणि आम्ही जिथे सरपण ठेवत असू, अशी एक चतकोर जागा. सरकारी भाषेत या सगळ्याला मिळून 'गाळा' म्हणतात. माहेरी पत्र लिहिताना मी 'आमचे घर' असे लिहीत असे. सासूबाई मात्र अखेरपर्यंत 'गाळा'च म्हणत. भाड्याच्या जागेला घर म्हटले की दृष्ट लागते, अशी त्यांची समजूत असावी.

त्या दिवसांत जिना कोणाचा हा प्रश्नच नव्हता. जिना भाऊसाहेबांचा होता.

भाऊसाहेब म्हणजे वसाहतीच्या कचेरीतले भाडेवसुलीचे कारकून. गिरणीचा पगार झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते येत. काखेत दोन वह्या, एक पावत्यांची आणि दुसरी तक्रारींची. पहिली वही उघडण्याआधी ते दारातल्या स्टुलावर बसत, पाणी मागत, आणि पाणी येईपर्यंत त्यांची नजर भिंतींवरून आणि छतावरून फिरून येई. "ही ओल कधीपासून?" असे ते विचारत, तेव्हा आपल्या घरात ओल आहे हे पुष्कळदा आम्हाला प्रथमच कळे. मोरीतला नळ ते पेन्सिलीने ठोकून बघत. मग दुसऱ्या वहीत काहीतरी लिहीत, आणि मगच भाडे घेत. वॉशर बदलायला माणूस आठ दिवसांनी येई, कधी महिन्याने येई. पण तो येई.

ते काही देवमाणूस नव्हते. आवाज खरखरीत, बोलणे तुसडे. पोरांनी जिन्यात खडूने विकेट काढलेली दिसली की ज्याच्या दाराजवळ ती असेल त्याचा उद्धार होई. भाडे थकले तर "सामान रस्त्यावर काढीन" असे ते जिन्यात उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणत. मात्र त्यांच्या हातून कोणाचे सामान रस्त्यावर आल्याचे मी पाहिले नाही. सासरे गेले त्या महिन्यात ते भाड्याला आले तेव्हा त्यांनी काही न बोलता पावती फाडली आणि तिच्या मागे पेन्सिलीने लिहून दिले, की गाळा सासूबाईंच्या नावावर करायला कोणते कागद लागतील आणि ते कोणत्या खिडकीवर द्यायचे. ती पावती सासूबाईंनी देवाच्या डब्यात ठेवली होती.

पुढे मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका झाले, आणि शाळेच्या वाचनालयात एका इंग्रज बाईची हकिकत माझ्या वाचनात आली. ऑक्टेव्हिया हिल तिचे नाव. लंडनमध्ये 1865 साली तिने पॅराडाइज प्लेस या नावाच्या गल्लीतली तीन पडकी घरे चालवायला घेतली. नाव स्वर्गाचे आणि घरे तशी! पैसे जॉन रस्किन यांचे. त्यांवर पाच टक्के परतावा काढून दाखवायचा, अशी बोली. दर आठवड्याला भाडे आणायला ती स्वतः दारोदार जाई, आणि पुढे कारभार वाढला तसतशा तिने शिकवून तयार केलेल्या बायका जाऊ लागल्या. वसुलीत ती कडक होती. पण दुरुस्तीसाठी ती वर्षाची एक रक्कम बांधून ठेवी, आणि मोडतोड कमी झाल्यामुळे तिच्यातून जे उरेल ते भाडेकरू सांगतील त्या सुधारणेवर खर्च करी. मला यातली मौज वाटली ती अशी, की भाडे हे तिला नुसते उत्पन्न नव्हते, ते दर आठवड्याला उंबरठ्यावर उभे राहण्याचे निमित्त होते. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर भाऊसाहेबांची ती काखेतली दुसरी वही आली. त्यांनी ऑक्टेव्हिया हिलचे नाव ऐकले असण्याचा काही संभव नाही.

नव्वदीच्या दशकात गाळे आमच्या मालकीचे झाले. वसाहतीत पेढे वाटले गेले. बाराही बिऱ्हाडांची मिळून सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली, तिचा गोल शिक्का आला. आणि त्याच महिन्यात जिन्यातला दिवा गेला.

एक दिवा तो काय! पण तीन आठवडे जिना अंधारात होता. दिवा कोणी बदलायचा यावर रोज रात्री चाचपडत चढता चढता चर्चा होई. तळमजल्यावरचे कंपौंडर म्हणाले, "मी जिना चढतच नाही, मला दिवा कशाला?" वरचे म्हणाले, "आम्ही तुमच्याच दारावरून जातो, अंधारात कोण गेले ते तुम्हाला कळायला नको?" शेवटी पहिल्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांनी आपल्या मीटरवरून तार काढून दिवा लावला. त्यांचे वडील याच गिरणीत जॉबर होते, त्यामुळे मोठेपणा घेण्याची सवय घरातली. पण बटण त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि दहा वाजता त्यांची झोपायची वेळ. आमचे हे दुसऱ्या पाळीहून घरी यायचे ते मध्यरात्रीनंतर. तेव्हा मालक होऊनही वर्षभर आमच्याकडे जिन्यासाठी कंदील होता.

मी सेक्रेटरी झाले ती सेवानिवृत्तीनंतर. इतिवृत्त लिहायला शुद्ध अक्षर असलेले माणूस हवे होते, आणि नको म्हणायला मी त्या सभेला हजर नव्हते. मग आदर्श उपविधींचे पुस्तक आणून वाचले. सहकारी संस्थांचा आपला कायदा 1960 चा. त्याखालचे हे उपविधी शहाण्या माणसांनी केलेले आहेत. जिन्याचा दिवा, झाडूवाला, कचेरीचा खर्च या सगळ्याचे सेवाशुल्क प्रत्येक गाळ्याला सारखेच. मग तो जिना चढो की न चढो. उद्वाहक असेल तर त्याचाही खर्च तसाच, वापरा किंवा वापरू नका. पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवरून. कंपौंडरांना मी ते कलम मोठ्याने वाचून दाखवले. ते म्हणाले, "छापलेले आहे म्हणता, मग ठीक."

परंतु याच पुस्तकात दुरुस्ती निधीचा नियम आहे. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान पाऊण टक्का दुरुस्तीसाठी आणि किमान पाव टक्का निक्षेप निधीसाठी, म्हणजे इमारतीच्या म्हातारपणासाठी, बाजूला ठेवायचा. आमचा बांधकाम खर्च साठ-पासष्ट वर्षांपूर्वीचा! त्याच्या पाव टक्क्यात आज गवंड्याचा चहा होत नाही. सभेने ठरवले तर अधिक रक्कम घेता येते, पण ते ठरवणारी सभा म्हणजे आम्हीच. कमी वर्गणी ठेवणारा सेक्रेटरी कोणाला आवडत नाही? माझ्या आधीच्या तिघांनी वीस वर्षे सर्वांचे आशीर्वाद घेतले, आणि मग एका पावसाळ्यात गच्ची गळू लागली.

दुसऱ्या मजल्यावर एक शिंपी राहतात. पाणी बरोबर त्यांच्या मशिनीवर. त्यांनी मशीन सरकवली तर थेंबही सरकला. गच्चीच्या कामाचा अंदाज आला दोन लाख सोळा हजार; गाळ्यामागे अठरा हजार. दहा जणांनी कुरकुरत दिले. अकराव्याने मुलाकडून मागवून दिले. राहिल्या तळमजल्यावरच्या काकू.

काकूंचे यजमान गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षांनी गेले. मूल नाही. भविष्य निर्वाह निधीचे विधवा वेतन आहे; त्याची किमान रक्कम सरकारने 2014 साली वाढवून महिन्याला 1,000 रुपये केली, तेवढेच त्यांना मिळते. शिवाय चार घरच्या वाती वळणे आणि दिवाळीत चकल्या करून देणे. "गच्ची मी पन्नास वर्षांत पाहिलेली नाही, बाई," त्या मला म्हणाल्या. कुरकुर म्हणून नव्हे. खरोखरच त्यांच्या गुडघ्यांनी ती कधी पाहू दिली नव्हती.

सभेत पोस्टमास्तरांनी कायदा सांगितला. सभासदाने देणे थकवले तर निबंधकांकडे अर्ज करून वसुलीचा दाखला मिळवता येतो, आणि त्यावर जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. अगदी शेवटी गाळ्यावर जप्तीही येऊ शकते. ते बोलले त्यात चुकीचे काही नव्हते. शिंपीदादा मान खाली घालून म्हणाले, "काकूंची अडचण मला समजते. त्यांनी माझ्या पोरींना सांभाळले आहे. पण पाणी माझ्या मशिनीवर पडते." यातही चुकीचे काय होते? अर्जाचा नमुना माझ्यापुढे होता. काकू दाराशी बसल्या होत्या, आणि त्यांना वाचता येत नसले तरी तो कागद कशाचा ते कळत होते.

भाऊसाहेब अशा वेळी पेन्सिलीने 'पुढील महिन्यात' असे लिहीत आणि पुढच्या घरी जात. त्यांना ते जमे, कारण पैसे सरकारचे होते आणि पेन्सिल त्यांची. आमच्याकडे पैसे बारा घरांचे. काकूंना सूट द्यायची तर ती शिंपीदादांच्या खिशातून द्यायची, आणि त्यांची मशीन आधीच बंद. मालकीने आम्हाला पुष्कळ दिले. पण उगाच ओरडायला आणि गुपचूप सांभाळायला जो एक परका माणूस लागतो, तो तिने नेला.

बराच वेळ कोणी बोलेना. मग काकूंनीच विचारले, "महिन्याला शंभर चालतील?" साठलेल्या निधीतून त्यांच्या वाट्याची रक्कम भरून काम करून घ्यावे आणि त्यांनी ती महिन्याला शंभराने फेडावी, असा ठराव झाला. सात विरुद्ध चार. अठरा हजारांना शंभर म्हणजे एकशे ऐंशी महिने, म्हणजे पंधरा वर्षे. काकू तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. बोटांवर हिशेब करून त्या म्हणाल्या, "म्हणजे त्र्याण्णव होईपर्यंत मला मरायला सवड नाही!" विरुद्ध मत दिलेलेही हसले. पोस्टमास्तर मात्र हसले नाहीत. दरवर्षी हिशेबतपासनीस थकबाकीखाली ही रक्कम दाखवतो, आणि दर वार्षिक सभेत पोस्टमास्तर उभे राहून तिची चौकशी करतात. कोणीतरी ती करायला हवी, असे मलाही वाटते. काकूंनंतर काय, हे कोणी विचारत नाही.

शहराबाहेर आता नव्या वसाहती उठत आहेत, सात-सात मजल्यांच्या. माझ्या एका विद्यार्थिनीला तिथे सहाव्या मजल्यावर घर मिळाले. किल्ली घेतानाचे तिचे छायाचित्र आहे. सहा महिन्यांत उद्वाहक बंद पडला, कारण खालच्या दोन मजल्यांनी वर्गणी दिली नाही. तिने मला निरोप पाठवला, "बाई, ते कलम कितवे?" मी पुस्तक घेऊन गेले. सहा मजले चढून.

सात तारखेला मी काकूंकडे जाते. शंभराची नोट देवापुढे वाटीखाली ठेवलेली असते. पाणी होते, चहा होतो, आणि माझी नजर आपोआप छताकडे जाते. यंदा आषाढात त्यांच्या मोरीच्या छताला ओल दिसली. पाऊस थांबला तरी वाढत होती, तेव्हा ती पावसाची नव्हे. वरच्या मोरीतला नळ गळत असणार, आणि घराच्या आतल्या नळाची गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची, असे उपविधी म्हणतात. वरची मोरी पोस्टमास्तरांची.

"लिहू का तक्रार?" मी विचारले.

"लिहा की," काकू म्हणाल्या. "मी काय सभासद नाही?"

पोस्टमास्तरांनी प्लंबर आणला. फरशी फोडावी लागेल, साडेसात हजार होतील, असे तो म्हणाला. पोस्टमास्तरांकडे दिवाळीला मुली-जावई यायचे आहेत, मोरी फोडून कसे चालेल? तेव्हा काम भाऊबीजेनंतर ठरले आहे. तोवर काकूंनी मोरीत पातेले ठेवले आहे. ते रात्री भरते, आणि सकाळी त्या ते पाणी दारातल्या तुळशीला घालतात. मोरीचे पाणी तुळशीला कसे, असे मी म्हटले तर म्हणाल्या, नळाचे आहे, चांगले आहे, वाया का घालवायचे?