चालतंय, मग हात कशाला लावायचा?

बारीक मीठ आणि पिठीसाखर एकसारख्या डब्यांत भरून ठेवली, तरी ज्या गृहिणीने ती भरली तिचं काही अडत नाही. घोटाळा होतो तो दुसऱ्या कुणी स्वयंपाकघराचा ताबा घेतल्यावर!

संगणकाच्या जगातही असंच घडतं. आज एका मोठ्या संगणकावर सॉफ्टवेअरने उभे केलेले अनेक ‘पाहुणे’ संगणक नांदतात. प्रत्येकाला वाटतं, सारं यंत्र आपलंच! त्यांना जागा वाटून देणारा कारभारी म्हणजे हायपरवायझर. केंब्रिज विद्यापीठात तयार झालेला आणि २००३ मध्ये जगापुढे आलेला ‘झेन’ हा असाच एक कारभारी.

मेमरीची वाटणी हे त्याचं सर्वांत जोखमीचं काम. पाहुण्याच्या हिशेबातलं पाचवं पान खऱ्या यंत्रात नऊशेवं असू शकतं. पण प्रोग्राममध्ये दोन्ही निव्वळ आकडे. एकाच्या जागी दुसरा पडला तरी यंत्र चकार शब्द काढत नाही. मग एका पाहुण्याचा हात दुसऱ्याच्या कपाटात जायला कितीसा वेळ?

ऑक्टोबर २०१५ मध्ये झेनमधली एक मोठी चूक जाहीर झाली. मेमरीच्या नोंदी पारखताना एक तपासणी राहून गेली होती आणि त्या फटीतून एखादा पाहुणा साऱ्या घराचा मालक होऊ शकत होता. ही चूक आकड्यांच्या अदलाबदलीची नव्हती. पण २००९ च्या आवृत्तीपासून ती तिथे होती. गुंतागुंतीच्या लिखाणात चुका अशा वर्षानुवर्षं दडून राहतात.

झेनच्या कारागिरांनी हळूहळू एक साधी दुरुस्ती केली. पाहुण्याच्या क्रमांकाला एक जात दिली, यंत्राच्या क्रमांकाला दुसरी. नावं ठरवली आणि त्यांचे अर्थ तिथेच लिहून ठेवले. आता अदलाबदल झाली, तर चाचणीसाठी प्रोग्राम बांधतानाच कंपायलर तो अडवतो.

अशा कामाने नवी सोय मिळत नाही, वेगही वाढत नाही. उलट ओळीमागून ओळ बदलायची आणि वागणं मात्र तसूभरही बदलू द्यायचं नाही! ‘चालतंय, मग हात कशाला लावायचा?’ हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. त्यासाठीच बदल लहान तुकड्यांत होतात आणि दुसऱ्याच्या नजरेखालून जातात.

मूळ लिहिणारा कायम जागेवर नसतो. उद्या एखादा अनोळखी प्रोग्रामर ते पान उघडेल. त्याला अर्थ चटकन उमगला, तर कुणाचं बँकेचं खातं, कुणाचे दवाखान्याचे कागद सुरक्षित राहतील. त्या माणसांना याचा पत्ताही नसेल, पण त्यांची झोप शांत असेल.