असईचा उतार

पानिपताच्या बाबतीत ‘असं झालं असतं तर’ हा खेळ आपण शाळेपासून खेळत आलो आहोत. जयंत नारळीकरांनी तर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना गोळीतून वाचवलं आणि सगळा हिंदुस्थानच वेगळा उभा केला. असईच्या वाट्याला असा लेखक आला नाही. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात हे गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली लढाई इंग्रजांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन म्हातारपणीही आपली सर्वांत सरस लढाई म्हणून असईचंच नाव घेई.

युद्धेतिहास शिकवणाऱ्याने ‘जर’ला घाबरू नये, असं माझं मत आहे. अट एकच: त्या माणसांपुढे त्या घटकेला जो पर्याय खरोखर होता, तोच बदलायचा. विश्वासरावांची गोळी या अटीत बसत नाही. तो नशिबाचा भाग झाला. असईत मात्र असे पर्याय चांगले ढळढळीत आहेत.

आर्थर वेलस्ली (म्हणजे पुढचा वेलिंग्टन) आणि कर्नल स्टीव्हन्सन २१ सप्टेंबरला बदनापुरात भेटले. डोंगराच्या दोन अंगांनी जायचं आणि २४ तारखेला दौलतराव शिंदे व नागपूरचे रघूजी भोसले यांच्या तळावर एकत्र तुटून पडायचं, असा बेत ठरला. तळ भोकरदनला आहे, असं हरकारे सांगत होते. प्रत्यक्षात तो भोकरदनपासून थेट असईपर्यंत पसरला होता. २३ तारखेला चौदा मैल चालून वेलस्ली नळणीला पोचला, तेव्हा शत्रू अगदी हाताशी असल्याचं त्याला कळलं. स्टीव्हन्सन अजून डोंगरापलीकडे होता. वेलस्लीकडे लढायला साडेचार हजारांच्या आसपास कवायती माणसं, शिवाय म्हैसूरचे आणि पेशव्यांचे पाचेक हजार स्वार. होय, पेशव्यांचे स्वार इंग्रजांच्या बाजूला होते. समोर शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या युरोपीय अधिकाऱ्याच्या हाताखाली तीन कंपूंचे (म्हणजे ब्रिगेडांचे) सुमारे १०,८०० कवायती शिपाई, शंभराच्या आसपास तोफा आणि तीस-चाळीस हजार घोडदळ.

वाटाडे म्हणाले, केळनेला इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. समोरासमोरच्या काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं दिसली. इतक्या जवळच्या गावांना एकमेकांकडे जायची वाट असणारच, असं त्याने ताडलं आणि फौज तिकडे वळवली. उतार होता. त्यावर पहारा नव्हता.

आता पहिला ‘जर’. पोलमनने त्या उतारावर एक पलटण आणि दहा तोफा ठेवल्या असत्या, तर? वेलस्लीला भर दुपारी दमलेल्या फौजेनिशी मागे फिरावं लागलं असतं, आणि पाठीवर तीस हजार घोडा. मराठ्यांना हीच लढाई शतकभर येत होती. अर्थात त्यासाठी घोडदळाला कुणीतरी हुकूम द्यायला हवा होता. त्या दिवशी इंग्रजांच्या ७४व्या पलटणीवर काही स्वार तुटून पडले आणि तिचे जवळजवळ सगळे अधिकारी पडले. बाकीचं प्रचंड घोडदळ बघत उभं राहिलं, आणि शिंदे-भोसले लवकरच मैदान सोडून गेले.

पोलमनचं श्रेय मात्र त्याला द्यायला हवं. उताराकडे दुर्लक्ष झालं खरं, पण इंग्रज बगलेवर आल्याचं दिसताच त्याने सगळी रांग काटकोनात फिरवून केळनेपासून असईपर्यंत उभी केली. अशी कवायत आपल्या शत्रूला जमेल, असं वेलस्लीला वाटलंच नव्हतं. शिंद्यांच्या दरबारी राहिलेल्या इंग्रज रेसिडेंट कॉलिन्सने त्याला आधीच बजावलं होतं की यांची पायदळं आणि तोफा तुम्हाला थक्क करतील. तेव्हा तरुण अधिकारी हसले होते. इंग्रजांचे बैल आणि गाडीवान तोफांच्या माऱ्यात गारद झाल्यामुळे वेलस्लीला स्वतःच्या तोफा मागे टाकून चालून जावं लागलं. मराठी गोलंदाज मेल्याचं सोंग करून पडले आणि रांग पुढे गेल्यावर उठून त्यांनी तोफा तिच्या पाठीवर फिरवल्या. इंग्रजांचे ४२८ मेले, ११३८ जखमी झाले. म्हणजे लढलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त. साहित्यात आणि कसबात आपण कमी होतो, ही समजूत इथे टिकत नाही. रँडॉल्फ कूपरने या मोहिमेवरच्या ग्रंथात हेच सविस्तर मांडलं आहे.

दुसरा ‘जर’ लोकांना जास्त आवडतो: एक दिवस आधी खबर लागली असती तर? इथे मला प्रशांत महासागर आठवतो. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला. अमेरिकेला आधी सुगावा लागला असता तर बरं झालं असतं, असं सगळे धरून चालतात. ॲडमिरल निमित्झचं मत उलट होतं. सुगावा लागता तर आरमार खुल्या समुद्रात गेलं असतं आणि जपानच्या सहा विमानवाहू जहाजांनी त्या संथ युद्धनौका खोल पाण्यात माणसांसकट बुडवल्या असत्या. बंदरातल्या उथळ पाण्यामुळे आठांपैकी सहा युद्धनौका दुरुस्त होऊन परत लढल्या. आणि ज्या आरमाराने पुढे युद्ध फिरवलं, ते बांधायचा कायदा जुलै १९४० मध्येच झाला होता. त्याची मोठी विमानवाहू जहाजं १९४३ मध्ये लढाईत उतरली.

असईतही तसंच झालं असतं, असं मला वाटतं. खबर आधी लागती तर शिंद्यांनी तळ हलवला असता. स्वार निघून गेले असते, पण बैलांनी ओढायच्या शंभर तोफा आणि बुणगे आश्विनातल्या आपल्या काळ्या रेगडीत किती पळणार? एका वेलस्लीऐवजी दोन फौजांनी त्यांना वाटेत, लांबलेल्या रांगेत गाठलं असतं. उतार राखला असता तर तो दिवस जिंकता आला असता. पण मग काय?

कारण असईच्या बारा दिवस आधी, ११ सप्टेंबरला, उत्तरेत इंग्रज सेनापती लेकने दिल्लीची लढाई जिंकली होती आणि ४ तारखेला अलीगढ पडलं होतं. ज्या दोआबच्या वसुलावर हे कंपू पोसले जात, तोच हातचा गेला. शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना कंपनीने जाहीरनामा काढून ‘निघून या, पेन्शन देऊ’ म्हटलं, आणि बरेच निघून गेले. त्यांच्या सरसेनापती पेराँने तर राजीनामाच दिला. इंग्रजांची खरी तयारी होती ती तिजोरीत आणि सावकारी पेढ्यांच्या भरवशात. असई हरूनही वेलस्लीला दुसरी फौज मिळाली असती; शिंद्यांना दुसरे कंपू कुठून मिळणार होते?

म्हणून माझा ‘जर’ मी भोकरदन तालुक्यातून उचलून पुण्याजवळ नेतो. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांची फौज मोडली, बाजीराव पळाले आणि ३१ डिसेंबरला त्यांचा इंग्रजांशी वसईचा तह झाला. मागे एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावांनी यशवंतरावांचे भाऊ विठोजी होळकर यांना पुण्यात मारवलं होतं. हडपसरला जी माणसं आणि तोफा एकमेकांवर खर्ची पडल्या, त्या असईत हव्या होत्या. हा ‘जर’ माझ्या अटीत बसतो का, याची मला शंका आहे. बाजीरावांपुढे विठोजींना कैदेत ठेवण्याचा पर्याय नक्की होता. पण यशवंतरावांनी शिंद्यांवर विश्वास ठेवावा, असा पर्याय त्यांच्यापुढे होता असं म्हणताना माझी जीभ अडखळते. १८०३ च्या उन्हाळ्यात शिंदे-भोसल्यांनी त्यांना बरोबर घ्यायची खटपट केली, पण ते माळव्याकडे निघून गेले.

होळकर एप्रिल १८०४ मध्ये एकटेच इंग्रजांवर उतरले. ज्या घोडदळी पाठलागाची असईत संधी होती, तोच त्यांनी मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत कर्नल मॉन्सनच्या फौजेचा केला आणि ती पार उधळली. तेव्हा ऑगस्ट संपत आला होता, आणि शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावच्या तहावर शिक्का उमटवून आठ महिने झाले होते.