चूल, खोली आणि रकाना

साहित्याच्या विद्यार्थ्याला माणसे पुस्तकांतून भेटण्याची सवय झालेली असते. आमचीही झाली होती. त्यामुळे समाजशास्त्राच्या संशोधनपद्धतीचा वर्ग आम्ही हौसेने लावला आणि २००४ च्या उन्हाळ्यात ठाकूरद्वारच्या एका चाळीचा दुसरा मजला आम्हां दोघांच्या वाट्याला आला, तेव्हा हे तर आपलेच क्षेत्र असे वाटले. चाळ काय, कथा-कादंबऱ्यांतून आपण केव्हाच वाचून काढलेली!

प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आम्हीच आणली होती. तिसरा प्रश्न होता : कुटुंबात माणसे किती? जनगणनेची व्याख्या पाठ होती. सामान्यतः एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातले अन्न खाणारी माणसे म्हणजे एक कुटुंब. पोह्यांच्या बशा पुढे ठेवत काकूंनी विचारले, "कुठली माणसं लिहिता? रात्री झोपतात ती, रेशनकार्डावरची, की गणपतीत येतात ती?" काकूंचे यजमान वारलेले, मूलबाळ नाही. सासूबाई सहा महिने गावी, सहा महिने इथे. पुतण्याचा दिवस इथला, दोन वेळचे जेवण इथले, अंथरूण मात्र डोंबिवलीचे. आम्ही रकान्यात दोन लिहिले, खोडले, तीन लिहिले, पुन्हा दोन केले. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात साऱ्या भारतातली नातेव्यवस्था मांडली. आम्हांला एका खोलीतला पुतण्या मांडता येईना.

मग वर्गातला नियम आठवला : नोंदलेले उत्तर उत्तरदात्याला वाचून दाखवावे आणि खातरजमा करून घ्यावी. निघताना गॅलरीत उभे राहून आम्ही खणखणीत आवाजात वाचले, "म्हणजे पुतण्या इथे राहत नाही, बरोबर?"

जिन्याशी मालकाचा मेहता पावतीपुस्तक घेऊन उभा होता.

"राहतो. इथेच राहतो," काकू म्हणाल्या. आमच्याकडे नव्हे, जिन्याकडे पाहून.

खोली पागडीची होती. भाडेकरू वारल्यावर भाडेहक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो, ही तरतूद १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यात होती आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही ती आहे. 'इथे कोण राहते' हा प्रश्न आमच्या लेखी लोकसंख्येचा होता. काकूंच्या लेखी तो खोलीचा होता, आणि त्यांच्यामागे ती कोणाची याचा. गिरगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आमच्या प्रश्नावलीला नव्हते, कारण आम्ही तिची भाषा तेवढी बदलली होती.

त्या दिवसापासून 'गावगाडा' वाचतानाही एक शंका मनात येते. त्रिंबक नारायण आत्रे महसूल खात्यातले. त्यांचे पुस्तक १९१५ चे. १९३३ साली बदलापूरची पाहणी प्रसिद्ध करणारे ना. गो. चापेकर न्यायखात्यातून निवृत्त झालेले. दोघांचेही निरीक्षण पाहून आजही थक्क व्हायला होते. पण रावसाहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना माणसाची नजर कोणत्या जिन्याकडे जात असेल? त्या पानांत हे शोधण्याचा छंद आम्हांला जडला आहे. तो पुरता न्याय्य आहे असे मात्र नाही.

काकूंच्या उत्तराचे पान आम्ही फाडले. नमुन्यातला एक घर कमी झाला, म्हणून वर्गात बोलणी खाल्ली. एम. एन. श्रीनिवास यांची रामपुऱ्याची प्रक्रिया केलेली टिपणे १९७० साली स्टॅनफर्ड येथे जळाली आणि 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' त्यांनी बरेचसे स्मरणावर लिहून १९७६ साली प्रसिद्ध केले, हे तोवर वाचलेले होते. पान फाडल्याने काही विसरले जात नाही, हे मग स्वतः अनुभवले. वाडीचे नाव आणि काही खुणा इथे मुद्दाम बदलल्या अथवा गाळल्या आहेत, त्या याचसाठी.

आठवड्याने आम्ही पुन्हा गेलो, वही न घेता. माफी मागितली. काकूंनी ती ऐकून घेतली. मेहता त्यानंतर काही बोलला का, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. चहा झाला. कप उचलता उचलता त्यांनीच विचारले, "तुमच्याकडे माणसं किती?" आमच्यापैकी एकाने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि पुण्याच्या आत्यापाशी येऊन तो अडला.