एक जून

आमच्या घरात हिचा वाढदिवस कधी साजरा झाला नाही, कारण तो 1 जूनला येतो. त्या दिवसांत शाळामास्तराच्या घरी कुणाला फुरसत? प्रवेश, वेळापत्रक, मुलांची वह्या-पुस्तकं, पावसाआधी पत्र्याची डागडुजी. शिवाय आमच्या पिढीत 1 जून हा वाढदिवस निम्म्या गावाचा. तुमच्याही घरात एखादा असेलच. शाळेत नाव घालताना जन्मतारीख सांगता आली नाही की गुरुजी 1 जून लिहून मोकळे होत. जूनमध्ये शाळा सुरू, सहा वर्षं पूर्ण, हिशेब सोपा.

तर 2025 च्या जानेवारीत मुलाचा पुण्याहून फोन आला. आईची पंचाहत्तरी आहे, 1 जूनला हॉल धरतो, पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळू, सगळ्यांना बोलावू. हिने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "तो माझा वाढदिवस नाही रे. तो शाळेचा आहे."

मला हसू आलं. फोन ठेवल्यावर पाहिलं तर ही हसत नव्हती.

"प्रजासत्ताक झालं त्यानंतरची होळी. धुळवडीच्या पहाटे झाले मी. आई दरवर्षी सांगायची. तुम्हालाही सांगितलं होतं, लग्न झालं त्या वर्षी."

"मग मी काय म्हणालो?"

"दाखल्यावर आहे तेच खरं, म्हणालात."

मला काही आठवत नव्हतं. पण म्हणालो असणार. वाक्य माझंच आहे.

लग्न आमचं 1972 चं, ऐन दुष्काळातलं. म्हणजे त्रेपन्न वर्षं मी रेशनकार्डापासून आधारकार्डापर्यंत हिच्या नावापुढे 1 जून 1950 लिहीत आलो आणि ही प्रत्येक फॉर्मवर मुकाट्याने सही करत आली. दर धुळवडीला मात्र आमच्याकडे शेवयांची खीर असते. होळीची पुरणपोळी आदल्या दिवशीची उरलेली असतानाही असते. मी आवडीने खात होतो, पण का म्हणून कधी विचारलं नाही.

असो. मुलाला सांगून हॉल रद्द केला. हिला विचारलं, धुळवडीला कुठे जायचं? "समुद्रावर," एवढंच म्हणाली. माणदेशात, पाण्याच्या घागरी मोजत वाढलेली बाई. दुसरं काय मागणार! शेजारच्या मुलाची गाडी ठरवली आणि होळीच्या दिवशी, 13 मार्चला, पहाटे कराड सोडलं. कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड, दापोली करत आंजर्ल्याला. घाट उतरल्यावर हिने गाडी दोनदा थांबवायला लावली. एकदा गुडघ्यांसाठी आणि एकदा करवंदाची फुलं बघायला. दापोलीच्या अलीकडे पोरांनी रस्त्यात दोरी धरून शिमग्याचं पोस्त मागितलं. मी सुटे शोधत होतो तोवर हिने शंभराची नोट दिली. मी काही बोललो नाही. वाढदिवस तिचा होता.

आंजर्ल्यात एका घरगुती मुक्कामी उतरलो. मागे नारळी-पोफळीची वाडी, तिच्यापलीकडे सुरू आणि मग समुद्र. घराच्या वहीत नाव, गाव, वय लिहायचं होतं. वयाच्या रकान्यात मी 74 लिहिलं, मग खोडून 75 केलं. घरमालक म्हणाले, "काका, एवढी खाडाखोड?" मी कारण सांगितलं, आणि तिथेच घोटाळा झाला. ती गोष्ट स्वयंपाकघरात पोचली.

संध्याकाळी कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. आता वरपर्यंत गाडी जाते, म्हणून जमलं. वरून सुवर्णदुर्ग दिसतो. त्याच वर्षीच्या जुलैत तो युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. आम्ही पाहिला तेव्हा समुद्रात आपला गुपचूप बसलेला होता. रात्री गावाची होळी पाहिली. जेवताना घरमालकांनी भरतीचं गणित सांगितलं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पुनवेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. मास्तरकीत मुलांना पाऊणकी घोकायला लावली, पण ती समुद्रालाही लागू पडते हे सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं! "म्हणजे पहाटे ओहोटी," ते म्हणाले, "आणि सकाळी कासवं सोडतील. काकूंना घेऊन जा."

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या अंडी घालतात. रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात, बुजवतात आणि समुद्रात परत जातात. पुन्हा बघायलाही येत नाहीत. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून गावातली मंडळी ती अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात पुरतात. पन्नासएक दिवसांनी वाळूची ऊबच ती उबवते. पिल्लू नर होणार की मादी, तेही म्हणे त्या उबेवरच ठरतं.

धुळवडीच्या सकाळी हिचा हात धरून वाळूतून चाललो होतो. (खरं म्हणजे तिने माझा धरला होता.) कुंपणाच्या आत प्रत्येक खड्ड्याशी एक पाटी होती. घरट्याचा क्रमांक, अंड्यांची संख्या, तारीख. कार्यकर्त्याने एका खड्ड्यावरची टोपली उचलली. खाली तळहातात मावतील एवढी सात पिल्लं वळवळत होती. पाटीवर होतं, अंडी 112, तारीख 21 जानेवारी. मी लगेच बोटांवर मोजलं, बावन्न दिवस.

ही पाटीपाशी उभी राहिली. "बघा, यांचं सगळं लिहून ठेवलंय."

"ती अंडी घातल्याची तारीख आहे. जन्माची नव्हे." सवय जात नाही.

"असू दे. यांची आई न सांगता गेली तरी यांनी शोधून लिहिली. माझी आई शाळेत येऊन उभी होती. होळीचं सांगत होती. गुरुजींनी मान वर केली नाही."

ती पुढे दोरीपाशी गेली. पिल्लं वाळूवर सोडली होती. ओहोटीमुळे पाणी बरंच लांब होतं आणि ती आपले वल्ह्यांसारखे पाय मारत निघाली होती. लोक फोटो काढत होते. मी पाटीपाशीच राहिलो.

कारण पहिली नऊ वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो आणि जनरल रजिस्टर माझ्याकडे असे. जूनमध्ये बाया पोरांना घेऊन यायच्या. "मोठ्या पावसात झाला, गुरुजी." "पोळ्याच्या आधल्या रोजी." "धाकटा दीर वारला त्याच्या तेराव्याला." पंचांग माझ्या टेबलावरच असायचं. दहा मिनिटांचं काम होतं. पण दारात रांग असायची आणि मी 1 जून लिहायचो. किती जणांचं लिहिलं, देव जाणे. हिच्या आईसमोर मान वर न करणारा माणूस मी ओळखत होतो.

परत आलो तर घरमालकीणबाई निरांजन लावून तयार. पाटाभोवती रांगोळी. हिला बसवून ओवाळलं, ओटीत नारळ घातला. तेवढ्यात ढोल वाजले. ग्रामदेवतेची पालखी दारात आली. मग काय, तेच ताट घेऊन बाई अंगणात धावल्या आणि देवीलाही ओवाळलं. ही पाटावरून उठून त्यांच्यामागे गेली, तशीच, कपाळावर अक्षता घेऊन. दुपारच्या पानात मोदक होते आणि शेवयांची खीर होती. खिरीचं मी आदल्या रात्री हळूच सांगून ठेवलं होतं. हिने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "वेलदोडा जास्त झालाय," म्हणाली. तीन वाट्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो. येताना घाटात ही झोपली होती.

1 जूनला मला जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येतात. "सर, आज माझा वाढदिवस, आशीर्वाद द्या." त्या वर्षी चौघांचे आले. प्रत्येकाला विचारलं, तुझी आई काय सांगायची रे? एकाने लगेच सांगितलं, बैलपोळा. दोघे म्हणाले, विचारून कळवतो. चौथा आता साठीला आलेला, ट्रॅक्टरचं गॅरेज आहे त्याचं. तो जरा वेळ गप्प राहिला. "सर, आई जाऊन अकरा वर्षं झाली. कधी विचारलंच नाही."

मला पुढे काय बोलावं सुचेना. ही आतून भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्याला म्हणावं, थोरल्या बहिणीला विचार. बहिणींना माहीत असतं."