शेजारणीचं विरजण

आमच्या आदिलाबादेत मराठी, तेलुगू, गोंडी, उर्दू बोलणारे सगळे एकाच बाजारात भेटतात आणि बोलणं कापसावर येतं. इथला बहुतेक कापूस ‘बीटी’. हे बीटी म्हणजे काय, हे मी कलाशाखेची बाई वाचत गेले, तर ते एका जंतूचं नाव निघालं: बॅसिलस थुरिंजेन्सिस. १९०१ साली जपानच्या इशिवातांना तो मरत्या रेशीमकिड्यांत सापडला होता.

याचा एक भाऊबंद उरलेल्या भातात वाढून ओकाऱ्या करवतो, दुसरा गुरांना काळपुळी आणतो. तिघांची मूळ घडण जवळजवळ सारखीच. फरक पडतो तो बराचसा डीएनएच्या सुट्या कड्यांमुळे. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. अळी मारणारं प्रथिन कसं बनवायचं, ते बीटीच्या कड्यावर लिहिलेलं असतं. ते कडं गेलं, तर तो भातातल्या जंतूपासून वेगळा ओळखणं कठीण.

आणि मैत्रिणींनो, हे कडं शेजारच्या जंतूला देता येतं! आपण शेजारणीला चमचाभर विरजण देतो, तरी आपलं दही आपल्याकडे राहतंच ना? तसंच. नक्कल शेजाऱ्याला, मूळ आपल्यापाशी. काही तुकडे तर या कड्यावरून त्या कड्यावर उड्या मारतात. आपल्याला वारसा आईबापांचा, जंतूंना शेजाऱ्यांचाही. म्हणून एकाच जातीच्या जंतूंत इतकी विविधता. औषधाला दाद न देण्याचा गुणही याच वाटेनं पसरतो. अँटिबायोटिक मनानं घेऊ नये ते यासाठीच.

बीटीचं ते जनुक माणसानं कापसात घातलं आणि २००२ साली भारतात त्याला परवानगी मिळाली. बोंड कुरतडलं की आतड्याला भोकं पडून अळी मरते. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली.

आमच्यातल्या कितीतरी बायका किडे मरतात म्हणून रेशीम सोडून सुती नेसतात. मीही नेसते. पण रेशीमकिड्यात सापडलेल्या जंतूचा गुण आता त्या सुताच्या झाडातच आहे, आणि अळी हाही जीवच. शेतकऱ्याला बोल कसा लावू? त्याच्या घरची चूल त्या बोंडांवर पेटते. सुती मी सोडणार नाही. फक्त ‘माझ्या साडीपायी जीव गेला नाही’ असं आता छातीठोक म्हणवत नाही.