भुईगावची वाळू आणि डबीतल्या अंगठ्या

आमच्या विहाराची धम्मसहल दरवर्षी निघते. कधी कार्ले-भाजे, कधी कान्हेरी, कधी महाडचे चवदार तळे. २०२४ च्या जानेवारीत मात्र मुलांनी हट्ट धरला की लेणी पुष्कळ झाली, या वेळी समुद्र पाहिजे. वडीलधाऱ्यांचे म्हणणे, नुसता समुद्रच पाहायचा तर दादरची चौपाटी आहे की. सहल म्हणजे काही पाहून, शिकून आले पाहिजे. दोन्ही पक्ष राजी होतील असे एकच ठिकाण आमच्या डोळ्यांपुढे आले. सोपारा! सकाळी स्तूप, दुपारी भुईगावचा किनारा. लहानथोर धरून चौतीस माणसे, माणशी दोनशे रुपये वर्गणी आणि जेवण ज्याचे त्याने डब्यात आणायचे, असे ठरले.

त्या बैठकीतच एका भगिनीने विचारले, "पाण्यात जायचं तर बोटातल्या अंगठ्यांचं काय करायचं?" बरेच जण हसले. आम्ही हसलो नाही. त्याचे कारण सांगितले पाहिजे.

२००८ साली, लग्नाला दोन वर्षे झाली असताना, आम्ही घरची मंडळी अलिबागकडे एका किनाऱ्यावर गेलो होतो. आमच्या पत्नीच्या बोटात साखरपुड्याची अंगठी होती. तीन ग्रॅमची, आमच्या आईने भिशीचे पैसे घालून केलेली. कंबरभर पाण्यात उभी राहून ती मुलाच्या अंगाची वाळू धूत होती. पाच मिनिटांनी हात पाहिला तर बोट मोकळे. आम्ही सगळ्यांनी पाण्यात बुडी मारून, हाताने चाचपून, पायाने उकरून पाहिले. जितके उकरले तितकी वाळू ढवळली गेली. अंगठी काही मिळाली नाही.

आईला दुःख सोन्याचे होते. दोन वर्षे भिशी भरणाऱ्या बाईला ते होणारच. पण तिच्या तोंडातून निघाले ते वेगळेच: "लग्नाची अंगठी गेली, आता संसाराला जपा." पंधरा दिवसांनी आम्ही स्टेशनच्या जिन्यावरून घसरलो आणि मनगट मोडले. झाले! अंगठी आणि मनगट यांची गाठ बसली. शेजारच्या बायकासुद्धा हळूच विचारू लागल्या. पत्नीने एका शब्दाने उत्तर दिले नाही. तिने शिवणकाम धरले आणि दीड वर्षाने तेवढ्याच वजनाची अंगठी करून बोटात घातली. त्या दीड वर्षात आम्ही काय केले? आम्ही वस्तीवस्तीत अंधश्रद्धेवर भाषणे केली, आणि घरात मात्र गप्प बसलो.

म्हणून बैठकीत आम्ही स्पष्ट सांगितले की ज्यांना शक्य आहे त्यांनी अंगठी घरीच ठेवून यावे. यासारखा दुसरा उपाय नाही. तरी सहलीच्या दिवशी पाहिले तर बहुतेकांच्या बोटात अंगठ्या होत्याच. सणासमारंभाला निघाल्यासारखे निघायचे ही आपली सवय. खोलीत चोरी होईल ही भीतीही खोटी नव्हे.

नालासोपाऱ्याला उतरून पश्चिमेला रिक्षाने स्तूपापाशी गेलो. सोपारा हे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचे मोठे बंदर. भगवंतांचा शिष्य पूर्ण हा इथलाच, समुद्रावर व्यापार करणारा, अशी परंपरा आहे. आज बंदर गाळाने भरून गेले आहे. राहिला आहे तो विटांचा स्तूप. गावकरी त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला तेव्हा मध्यभागी दगडी पेटी सापडली. पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे मानलेले मातीचे लहान तुकडे. बाजूला बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. वंदना झाल्यावर हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "काका, सोन्याच्या डबीत मातीचे तुकडे का ठेवले?" आम्ही म्हटले, "तूच विचार कर." तो दिवसभर आमच्या मागे लागला होता, ते सोडा.

तिथून भुईगाव. वाटेत केळीच्या बागा, भाजीचे वाफे, नारळ, आणि ख्रिस्ती वाड्यांच्या तोंडाशी उभे केलेले क्रूस. या भुईगावाचे नाव आपल्या समाजात घराघरात माहीत असायला हवे, पण नाही. सम्राट अशोकाच्या शिलालेखांपैकी आठव्या लेखाचा तुकडा सोपाऱ्यात १८८२ मध्येच मिळाला होता. नववा मिळाला तो भुईगावात, १९५६ साली! ज्या वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी. तो दगड आता गावात नाही, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. आणि या नवव्या लेखात आहे काय? लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात. त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दास-सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. सम्राटाने या क्षुल्लक विधींबद्दल बायकांना विशेष बोल लावला आहे, ते आम्हाला पटत नाही. आमच्या अनुभवात शकुन पाहणारे पुरुष काही कमी नाहीत.

सुरूच्या बनात सतरंज्या टाकल्या. ओहोटी होती, पाणी दूर गेले होते, काळसर ओली वाळू लांबवर पसरली होती. आम्ही खिशातून वही काढली आणि जाहीर केले की पाण्यात जाणाऱ्यांनी अंगठ्या इथे जमा कराव्यात. नाव, नग, खूण, सही. लोकांना गंमत वाटली. कारकून सहलीलाही वही घेऊन आला म्हणाले. म्हणोत बापडे!

वाचकहो, अंगठी घट्ट बसते म्हणून ती निघणार नाही, हा समज खोटा आहे. गार पाण्यात बोट आक्रसते. खोबरेल तेल किंवा क्रीम लावलेले असेल तर ते आणखी निसरडे होते. त्यात लाटेचा हिसका, मुलाला धरण्याची ओढाताण. अंगठी निघून गेल्याचे कळतसुद्धा नाही. आणि सोने पाण्याच्या सुमारे एकोणीस पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. लाटेने वाळू हलली की ती वर राहते आणि सोने खाली जाते. दुसरी लाट येईपर्यंत वर सपाट वाळू! चपलेत, बुटात, चड्डीच्या खिशात, रुमालाच्या गाठीत ठेवणे म्हणजे हरवण्याची दुसरी सोय. घरी ठेवता आली नाही तर एकाच जबाबदार माणसाकडे द्यावी, आणि त्या माणसाने पाण्यात जाऊ नये. तेही शक्य नसेल तर आतल्या खिशात मोठ्या सेफ्टी पिनेत ओवून पिन कापडाला लावावी.

नऊ अंगठ्या जमा झाल्या. दहावीपाशी गाडी अडली. आमच्या वस्तीत दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली एक सून होती. ती अंगठी काढू लागली तशी सासूने तिचा हात धरला. "नको गं. वर्ष व्हायच्या आत लग्नाची अंगठी उतरवू नये." पोर खाली बघत म्हणाली, "मग मी पाण्यात नाही जात." विरारच्या पुढे जन्म गेलेला, पण समुद्रात पाय कधी घातला नव्हता तिने. आम्ही तोंड उघडले. आमच्या लग्नात त्रिसरण-पंचशील, प्रतिज्ञा आणि पुष्पहार, यात अंगठीला विधी म्हणून जागाच कुठे आहे, वगैरे सुरू केले. त्या माउलीने ऐकून घेतले आणि म्हणाली, "भाऊ, तुमचं खरं. पण कुणाला काही झालं तर लोक माझ्या सुनेलाच बोलतील ना?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. कारण ते खरे होते, आणि ते आमच्याच घरात झाले होते.

तेवढ्यात सतरंजीवरून आमची आई बोलली. वय पंचाहत्तर. ती म्हणाली, "मीच बोलले होते. आमच्या सुनेला. अंगठी समुद्रात गेली तेव्हा. ह्याचा हात जिन्यावर पाणी होतं म्हणून मोडला, मला माहीत होतं. तरी बोलले." आमची पत्नी भाकऱ्यांचे फडके सोडत होती. तिचे हात थांबले. सोळा वर्षांत हे कधी आईच्या तोंडून निघाले नव्हते. आई त्या सासूला म्हणाली, "काढू दे तिला. राहिली तर सोनं राहील, गेली तर सोनं जाईल. पोरीला बोल लावू नको." पत्नी काही बोलली नाही. तिने आईच्या हातावर भाकरी ठेवली आणि वर नेहमीपेक्षा जास्त ठेचा वाढला.

अंगठी आली. आम्ही दहा अंगठ्या रुमालात गुंडाळल्या, रुमाल हळदीच्या जुन्या स्टीलच्या डबीत, डबी जेवणाच्या डब्याच्या तळच्या कप्प्यात, डबा पिशवीत आणि पिशवी आईच्या मांडीवर. सकाळचा तो मुलगा ओरडला, "काका, आपला पण करंडक!"

एक गृहस्थ मात्र वहीत सही करायला तयार नव्हते. त्यांचा पंचवीस वर्षांचा अनुभव! त्यांनी अंगठी टॉवेलात गुंडाळून कोरड्या वाळूत ठेवली. परत येऊन अंग पुसायला टॉवेल झटकला आणि मग आठवले. सगळे धावले. आम्ही ओरडून सर्वांना जागच्या जागी उभे केले, कारण पहिला घात पायच करतात. टॉवेल झटकला तिथे चार बाजूंना चार चपला ठेवल्या. भेळेसाठी आणलेली चाळणी होती. एका कोपऱ्यातून सुरुवात करून ओंजळ-ओंजळ वाळू चाळली, चाळलेली वाळू चपलांच्या बाहेर टाकली. पाणी परतू लागले होते, तरी अजून बरेच लांब होते. सव्वा तासाने चाळणीत टिचकी वाजली. अलिबागला आम्ही असे शहाणपणाने शोधले असते तरी उपयोग झाला नसता. ते पाण्यात होते, आणि पाणी चपलांच्या चौकटीत राहत नाही.

त्या सव्वा तासात नवी सून पाण्यातच होती. गुडघाभर, मग कमरेभर. नवऱ्याचा हात धरून आधी किंचाळली, मग हात सोडून उभी राहिली. तिला बाहेर बोलवायला कोणाला सवड नव्हती, हे एका परीने बरेच झाले.

पाच वाजता वही उघडली. एकेकाने अंगठी घेतली, नावापुढे सही केली. सुनेची अंगठी मात्र बोटात जाईना. दिवसभरच्या उन्हाने आणि चालण्याने बोटे सुजतात; जोर करून घातली तर नंतर काढणे मुश्कील. सासूने पाहिले. आता काही बोलेल म्हणून आम्ही तिच्याकडे बघत होतो. तिने अंगठी घेतली, कमरेची चंची काढली, सुपारीच्या कप्प्यात ती टाकली आणि दोरी आवळली. "घरी जाऊन घाल," म्हणाली. "आधी लोकल पकडू. गर्दी होईल."

आम्ही वही पुढे केली. सुनेने सही केली. सासूनेही खाली आपली केली, कारण नग आता तिच्या ताब्यात होता.